कारखानदाराने सभागृहात यावे, पण पाटी लावून

मद्रासच्या अड्यारमध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या मुख्यालयात बहमनजी पेस्तनजी वाडिया नावाचे मुंबईचे एक पारशी गृहस्थ काम करीत. १९१८ च्या एप्रिलमध्ये पेरांबूरच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांतील कामगारांची ‘मद्रास लेबर युनियन’ उभी राहिली. तिचे अध्यक्षपद वाडियांकडे आले. देशातील पहिली रीतसर बांधलेली कामगार संघटना म्हणून तिचे नाव घेतले जाते. त्यानंतर चार दशकांनी, जून १९५९ मध्ये, त्याच मद्रास शहरात राजगोपालाचारींनी ‘स्वतंत्र पक्षा’ची घोषणा केली. ऑगस्टमध्ये मुंबईत त्याचे अधिवेशन भरले. सरकारच्या परवानाराज्याला विरोध आणि उद्योजकाला मोकळीक हे या पक्षाचे उघड म्हणणे होते. म्हणजे कामगाराचा संघटित आवाज आणि उद्योजकाचा राजकीय आवाज या दोन्ही गोष्टींना या एकाच शहराने सुरुवात करून दिली.

दोन्ही आवाज सार्वजनिक जीवनात हवेत. मला मांडायचा आहे तो त्याच्या पुढचा मुद्दा. उद्योजक कायदेमंडळात आला की आपण दोन टोकांच्या प्रतिक्रिया देतो. एक गट म्हणतो, पैसेवाला आहे, खाणार नाही, व्यवहार कळतो, येऊ द्या. दुसरा म्हणतो, धंदा सांभाळायलाच आलाय. दोन्ही प्रतिक्रिया आळशी आहेत, कारण दोन्हींत त्या माणसाने सभागृहात काय केले हे पाहण्याची तसदी नाही. हा प्रश्न एका पोलाद कारखानदाराच्या आयुष्यावर तपासून पाहता येतो. त्यांचे नाव वीरेन जे. शाह. ‘मुकुंद आयर्न अँड स्टील’चे हे प्रमुख १९६७ ते १९७० लोकसभेत, १९७५ ते १९८१ आणि पुन्हा १९९० ते १९९६ राज्यसभेत होते. अखेरीस, १९९९ पासून २००४ पर्यंत, ते पश्चिम बंगालचे राज्यपाल होते. जन्म १९२६ मध्ये कोलकात्यात, कर्मभूमी मुंबई, मृत्यू २०१३ मध्ये मुंबईतच.

ठाणे-बेलापूर रस्त्याने ज्यांनी गेल्या पन्नास वर्षांत नोकरीसाठी ये-जा केली आहे त्यांना कळव्याची मुकुंद कंपनी सांगावी लागत नाही. कुर्ल्याचा कारखाना त्याआधीचा. जमनालाल बजाज आणि वीरेन शाहांचे वडील जीवनलाल यांनी ही कंपनी हाती घेतली आणि पुढे बजाज व शाह या दोन घराण्यांनी ती मिळून चालवली. विजेच्या भट्टीत भंगार वितळवून पोलाद करायचे, ओतकाम करायचे, सळया आणि तारा ओढायच्या, असा हा धंदा. जमशेदपूर किंवा भिलाईसारखा खाणीपासून सुरू होणारा अवाढव्य कारखाना तो नव्हे.

या धंद्याचे त्या काळातले वास्तव आज तरुण वाचकाला खरे वाटणार नाही. १९५६ च्या औद्योगिक धोरण ठरावाने लोखंड-पोलाद हे क्षेत्र मुख्यतः सरकारसाठी राखून ठेवले होते. १९५१ च्या उद्योग कायद्याने नवा कारखाना काढायला परवाना, असलेला वाढवायला परवाना. मोठ्या कारखान्यांच्या पोलादाची किंमत सरकारी नियंत्रणात. वाहतुकीचा खर्च देशभर सारखा करण्याच्या धोरणामुळे खाणीजवळ असण्याचा फायदाही पुसलेला. वीज सरकारी, कोळसा सरकारी, मालगाडीचे डबे सरकारी. आणि १९ जुलै १९६९ ला चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर कर्जही जवळजवळ सरकारीच. ओतकामाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक रेल्वे, तेही सरकार. ज्याच्या कारखान्याची प्रत्येक नाडी दिल्लीत एखाद्या टेबलावर आहे, त्याने विरोधी बाकावर बसायचे ठरवणे ही साधी गोष्ट नव्हती.

१९६७ च्या निवडणुकीत शाह जुनागढमधून स्वतंत्र पक्षाच्या तिकिटावर निवडून आले. त्या वर्षी या पक्षाला लोकसभेत ४४ जागा मिळाल्या आणि तो सर्वांत मोठा विरोधी पक्ष ठरला. गुजरातमधून निवडून आलेल्या त्याच्या खासदारांत मुंबईची माणसे बरीच दिसतात. राजकोटमधून मिनू मसानी, गोध्र्यातून पिलू मोदी, जामनगरमधून नारायण दांडेकर. हे दांडेकर माजी आय.सी.एस. अधिकारी, अर्थकारणावर अधिकाराने बोलणारे. अशा मराठी माणसाची आठवण आपल्याकडे फारशी निघत नाही. समाजवाद्यांच्या आणि साम्यवाद्यांच्या चरित्रांनी आपली ग्रंथालये भरली आहेत आणि ते योग्यच आहे, पण उजवीकडच्या उदारमतवाद्यांची कपाटे रिकामी ठेवून आपण आपलाच इतिहास अर्धा वाचतो.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. परवानापद्धती मोडा असे कारखानदार सभागृहात म्हणत असेल तर तो स्वतःच्या फायद्याचेच बोलत नाही का? मला वाटते, उत्तर नाही असे आहे, आणि त्याचे कारण नीट समजून घेतले पाहिजे. ज्याच्या हातात परवाना आहे त्याला परवानापद्धती सोयीची असते. नवा स्पर्धक येत नाही, मालाचा तुटवडा असतो, गिऱ्हाईक दाराशी उभे असते. परवानाराज्याचा तोटा झाला तो ज्याला परवाना मिळाला नाही त्याला, म्हणजे जो कारखानदार कधी झालाच नाही त्याला, आणि महाग नि निकृष्ट माल घेणाऱ्या ग्राहकाला. प्रस्थापित उद्योगपतींपैकी अनेकांनी म्हणूनच या पद्धतीशी मनापासून भांडण मांडले नाही. १९४४ च्या ‘मुंबई योजने’त टाटा-बिर्लांसारख्या उद्योगपतींनी स्वतःहून सरकारी नियोजनाला आणि सरकारी भांडवलाला जागा करून दिली होती, हेही विसरता येत नाही. कळव्यात भट्टी पेटलेली असताना ‘परवाने बंद करा, कोणालाही भट्टी पेटवू द्या’ म्हणणाऱ्या पक्षात उभे राहणे म्हणजे आपल्याच कुंपणाचे खांब उपटायला सांगणे होते.

एक कसोटी इथे हाती लागते. हितसंबंध असणे हा दोष नाही, शेतकरी आमदाराचेही ते असतात. पाहायचे ते हे, की माणूस सगळ्या धंद्यासाठी नियम मागतो आहे की आपल्या कंपनीसाठी अपवाद. नियम मागणारा चुकला तरी त्याच्याशी वाद घालता येतो. अपवाद मागणाऱ्याशी वाद घालता येत नाही, कारण तो बोलतच नाही. त्याचे काम सभागृहात होत नाही, मंत्र्याच्या दालनात होते.

मग आली आणीबाणी. २५ जून १९७५ नंतर देशातल्या उद्योगजगताने काय केले हे फार अभिमानाने सांगण्यासारखे नाही. संप थांबले, गाड्या वेळेवर धावू लागल्या, आणि बहुतेक व्यापारी संघटनांनी त्या राजवटीचे स्वागत केले. जे. आर. डी. टाटांसारख्या सर्वांना आदरणीय माणसानेही तेव्हाच्या शिस्तीबद्दल चांगले शब्द काढले होते. या गर्दीत वेगळे उठून दिसणारे रामनाथ गोएंका होते, आणि वीरेन शाह होते.

जॉर्ज फर्नांडिस भूमिगत झाले. मुंबईच्या या बंदसम्राटाने आदल्याच वर्षी, मे १९७४ मध्ये, देशभरचा रेल्वे संप घडवला होता. कारखानदाराच्या दृष्टीने याच्याइतका नकोसा माणूस दुसरा नसावा. पण बडोदा डायनामाइट खटल्याच्या आरोपपत्रात या दोघांची नावे एकत्र आली. १० जून १९७६ ला जॉर्जना कोलकात्यात अटक झाली. सी.बी.आय.ने पंचवीस जणांवर आरोप ठेवले. मुंबईचे समाजवादी डॉ. जी. जी. परीख त्यांत होते आणि राज्यसभेचे सदस्य असलेले पोलाद कारखानदार वीरेन शाहही होते. शाह तुरुंगात गेले. त्याच वर्षी मे महिन्यात बजाज समूहावर प्राप्तिकर खात्याच्या प्रचंड धाडी पडल्या होत्या. मुकुंद कंपनीत शाहांचे भागीदार म्हणजे हेच बजाज घराणे. कमलनयन बजाज वर्ध्याचे खासदार होते आणि काँग्रेसच्या फुटीत इंदिराजींच्या विरुद्ध बाजूला राहिले होते. उद्योगपतीने वेगळे मत धरले तर त्याची वसुली कशी होते, हे त्या वर्षी सगळ्यांनी पाहिले.

सुरुंग मिळवून पूल उडवण्याच्या कटाचा आरोप खरा असेल तर मला तो मार्ग मान्य नाही. कोणाचा जीव जाणार नाही अशी काळजी घ्यायची होती, असे त्या गटातल्यांनी नंतर सांगितले तरीही. त्या आरोपांवर न्यायालयाचा निकाल कधी लागलाच नाही. मार्च १९७७ मध्ये जनता सरकार आले आणि खटला मागे घेण्यात आला. तुरुंगातूनच निवडून आलेले जॉर्ज मंत्री झाले, उद्योगमंत्री म्हणून त्यांनी कोका-कोला आणि आय.बी.एम.सारख्या कंपन्यांशी कडक पवित्रा घेतला. म्हणजे अर्थकारणात हे दोन सहआरोपी पहिल्यासारखेच दोन ध्रुवांवर. त्यांना एकत्र आणले ते राज्यघटनेने दिलेल्या हक्कांच्या प्रश्नाने. त्या काळात भांडवलदार आणि कामगार पुढारी एका कोठडीच्या वाटेला लागू शकले, हे आपल्या लोकशाहीच्या इतिहासातले एक मोठे पान आहे असे मी मानतो.

पण याच पानाची दुसरी बाजू कारखान्याच्या फाटकावर आहे. पत्रकार तुरुंगात गेला तर त्याचे घर अडचणीत येते. कारखानदार तुरुंगात गेला तर हजारो कामगारांच्या पगाराचा प्रश्न उभा राहू शकतो, आणि सरकारला हे ठाऊक असते. उद्योगपती गप्प बसतो त्याला भित्रा म्हणणे सोपे आहे. ज्याच्या विजेचे बटण, कर्जाची मर्यादा आणि मालाची मागणी एकाच सत्तेकडे आहे, त्याला बोलायला लावणे कठीण. म्हणून आर्थिक सत्ता एका ठिकाणी गोळा होऊ देऊ नये, हा स्वतंत्र पक्षाचा आग्रह माझ्या लेखी अर्थशास्त्रापेक्षा नागरी स्वातंत्र्याचा होता. बँक राष्ट्रीयीकरणाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देणारे रुस्तम कूपर याच पक्षाचे होते, आणि १९७० मधला तो निकाल आजही मूलभूत हक्कांच्या संदर्भात उद्धृत होतो.

१९९१ मध्ये परवाने गेले. १९९२ च्या जानेवारीत पोलादाच्या किमती आणि वाटपावरचे नियंत्रण उठले. स्वतंत्र पक्ष तोवर इतिहासजमा झाला होता, पण त्याचे म्हणणे सरकारी धोरण झाले. शाह त्या वेळी भारतीय जनता पक्षातर्फे महाराष्ट्रातून राज्यसभेत होते. मग उद्योगपती निर्भय झाले का? ३० नोव्हेंबर २०१९ ला मुंबईतल्या एका समारंभात राहुल बजाज यांनी केंद्रीय मंत्र्यांच्या समोर उभे राहून सांगितले, की उद्योगक्षेत्रातली माणसे सरकारवर मोकळेपणाने टीका करायला धजत नाहीत. ते स्वतः २००६ ते २०१० राज्यसभेत होते. त्यांचे हे बोलणे दिवसभर बातमी झाले, कारण असे बोलणारा दुसरा कोणी नव्हता. परवाना गेला तरी तपासयंत्रणा, खाणींचे पट्टे, जमिनी आणि सरकारी बँका उरल्याच.

आणि याच उरलेल्या गोष्टींनी सभागृहातल्या उद्योजकाचा नमुना बदलला. हिसारचे ओमप्रकाश जिंदल बादल्या बनवण्यापासून सुरुवात करून पोलाद उद्योगाच्या शिखरावर गेले. ते आमदार झाले, कुरुक्षेत्राचे खासदार झाले आणि हरयाणाचे मंत्री असताना ३१ मार्च २००५ ला हेलिकॉप्टर अपघातात गेले. त्यांचे पुत्र नवीन जिंदल २००४ आणि २००९ मध्ये काँग्रेसचे, तर २०२४ मध्ये भाजपचे खासदार म्हणून त्याच मतदारसंघातून निवडून आले. राष्ट्रध्वज वर्षभर फडकवण्याचा नागरिकाचा हक्क त्यांनी सर्वोच्च न्यायालयात लढून मिळवला, आणि त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण खासदार असताना त्यांच्या कंपन्यांना कोळसा खाणींचे पट्टे मिळाले, २०१३ मध्ये सी.बी.आय.ने त्यांच्यावर गुन्हा नोंदवला, आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातले २१४ पट्टे रद्द केले. त्यांचा दोष ठरवणे न्यायालयाचे काम आहे. माझा मुद्दा खटल्याच्या आधीचा आहे. खाण मागणारा आणि खाणी वाटणाऱ्या सरकारला जाब विचारणारा हा एकच माणूस असेल, तर त्या जागी कितीही सज्जन बसवला तरी मतदाराचा विश्वास टिकणार नाही. विजय मल्ल्यांच्या बाबतीत तर विमान कंपनीचा मालक राज्यसभेचा सदस्य असताना हवाई वाहतूक मंत्रालयाच्या सल्लागार समितीवर होता.

गंमत नाही, खेद वाटावा अशी गोष्ट आहे की हा प्रश्न आपल्या आजोबांच्या काळात जास्त उघडपणे हाताळला जात होता. १९३५ च्या कायद्याखाली मुंबई प्रांताच्या विधानसभेत १७५ जागा होत्या. त्यांत ७ वाणिज्य-उद्योगाला आणि ७ कामगारांना राखून होत्या. गिरणी मालकांच्या संघाचा प्रतिनिधी गिरणी मालकांचा म्हणूनच बसे, त्याचे मत तसेच ऐकले जाई. १९३८ मध्ये औद्योगिक कलहाचे विधेयक आले तेव्हा आंबेडकरांनी आणि जमनादास मेहतांनी कामगारांच्या बाजूने त्याला कडाडून विरोध केला, ७ नोव्हेंबरला मुंबईत संप झाला, आणि कोण कोणाच्या बाजूने बोलतो आहे याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती. राज्यघटनेने या खास जागा काढल्या. तो निर्णय बरोबर होता, मूठभर मालकांना वेगळा मताधिकार लोकशाहीत बसत नाही. आपल्या विधान परिषदेत आजही शिक्षकांचे आणि पदवीधरांचे मतदारसंघ आहेत, मालकांचे आणि कामगारांचे नाहीत. पण खुर्चीबरोबर तिच्यावरची पाटीही गेली. हितसंबंध मात्र गेले नाहीत. ते ‘जनतेचे प्रतिनिधी’ या एकाच नावाखाली आत येऊन बसले.

पैशांचेही तेच झाले. १९६९ मध्ये इंदिरा सरकारने कंपन्यांनी पक्षांना देणग्या देण्यावर बंदी घातली. स्वतंत्र पक्षाला उद्योगांकडून उघडपणे मिळणारा पैसा आटला, आणि राजकारणातला पैसा कमी न होता काळा झाला. १९८५ मध्ये बंदी उठली, तोवर सवय लागली होती. २०१८ ची निवडणूक रोखे योजना हे त्याच सवयीचे कायदेशीर रूप होते. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ ला ती घटनाबाह्य ठरवली, ती मतदाराच्या माहितीच्या हक्काच्या आधारावर. देणगी देऊ नका असे न्यायालयाने म्हटले नाही. लपवू नका म्हटले.

महाराष्ट्राने या बाबतीत दुसऱ्यांकडे बोट दाखवताना थांबावे. पोलादवाले आमदार आपल्याकडे मोजकेच, पण साखर कारखान्याचे अध्यक्ष असलेले आमदार आणि मंत्री पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कारखान्याच्या कर्जाला राज्य सरकारची हमी द्यायची की नाही, हे ज्या मंत्रिमंडळात ठरते त्यात कारखान्याचे सूत्रधार बसलेले असतात. उसाच्या दरावरची चर्चा ज्या सभागृहात होते तिथे दर देणारेही बसतात. शिक्षण शुल्काच्या प्रश्नावर महाविद्यालयांचे संस्थाचालक बोलतात. विखे पाटलांनी १९५० मध्ये प्रवरेला जो सहकारी साखर कारखाना उभा केला त्याचे मोल मी कमी लेखत नाही. सहकारातून आलेल्या माणसांनी ग्रामीण महाराष्ट्राला सभागृहात आवाज दिला हे खरेच आहे. म्हणूनच त्यांच्याकडून पहिली अपेक्षा. बोलायला उठताना ‘या विषयात माझ्या कारखान्याचा संबंध आहे’ एवढे एक वाक्य म्हणायला काय हरकत आहे?

नियम अगदीच नाहीत असे नाही. राज्यसभेत नियम २९३ खाली सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही आहे. संचालकपदे, नियंत्रण देणारे भागभांडवल, सशुल्क सल्लागारी अशा गोष्टी तिच्यात नोंदवायच्या असतात. लोकसभेत अशी नोंदवही अजून रुजलेली नाही. तिथल्या नियम ३७१ प्रमाणे एखाद्या सदस्याचा थेट आर्थिक संबंध असेल तर त्याच्या मतावर आक्षेप घेता येतो. पण तो संबंध वैयक्तिक असला पाहिजे, एखाद्या वर्गाचा सामाईक किंवा राज्याच्या धोरणाचा विषय असेल तर चालणार नाही. म्हणजे पोलादाच्या आयात शुल्कावर मतदान झाले तर पोलादवाल्या खासदाराला हा नियम स्पर्शही करत नाही. २००२-०३ पासून उमेदवार संपत्तीचे प्रतिज्ञापत्र देतात, त्यातून त्याच्याकडे किती आहे ते कळते. ते कोणत्या सरकारी निर्णयावर वाढते किंवा घटते, हे कळत नाही. ब्रिटनच्या लोकसभेने असे रजिस्टर १९७० च्या दशकात सुरू केले आणि तिथे सदस्य बोलण्याआधी आपला संबंध सांगतो. संसदीय पद्धत आपण त्यांच्याकडून घेतली, ही शिस्त मात्र अर्धीच घेतली.

वीरेन शाहांचे आयुष्य निष्कलंक आदर्श म्हणून मी पुढे ठेवत नाही. १९७० नंतर ते लोकांच्या थेट मतावर सभागृहात आले नाहीत, राज्यसभेच्या वाटेने आले, आणि श्रीमंतांसाठी ती वाट किती सोपी झाली आहे हे आपण पाहतोच. राज्यपालपदही पक्षाने दिलेले होते. पण त्यांची पाटी स्पष्ट होती. कारखानदार आहे, खासगी उद्योगाच्या बाजूचा आहे, सरकारच्या हातातली सत्ता कमी व्हावी असे मानतो, हे मतदाराला आणि सरकारला दोघांनाही माहीत होते. त्याची किंमत घ्यायची वेळ सरकारवर आली तेव्हा सरकारने ती घेतली आणि त्यांनी ती दिली. सत्तेत कोण आहे ते पाहून आणीबाणीत त्यांनी बाजू बदलली नाही. आजच्या उद्योजक लोकप्रतिनिधीला मी हाच प्रश्न विचारेन, की तुमच्या राजकारणामुळे तुमच्या कंपनीचे कधी काही बिघडले आहे का?

पुढच्या निवडणुकीत तुमच्या दाराशी कारखान्याचा, महाविद्यालयाचा, बांधकाम कंपनीचा मालक उमेदवार म्हणून येईल. त्याला मत द्या किंवा देऊ नका, पण तुमचा धंदा कोणकोणत्या सरकारी निर्णयांवर चालतो आणि त्या विषयांवर सभागृहात बोलताना हे आधी सांगाल का, असे त्याला सर्वांसमोर विचारा. आणि लोकसभेत व आपल्या विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत हितसंबंधांची सर्वांना वाचता येईल अशी नोंदवही ठेवली जावी, ही मागणी त्याच्याकडून लेखी घ्या.